चार-ए-सतरा

१

नौरीजच्या दिवशी, बावीस मार्चच्या नववर्षाच्या सणाला, करागांद्यात कामावर कोण जातं? एक तर ज्याला घरी कोणी विचारत नाही तो, नाहीतर ज्याच्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही तो. राउशान आबेनोव्हा दुसऱ्यातली. पन्नाशीला दोन वर्षं कमी, गुडघे कुरकुरणारे, आणि जीभ अशी की साहेबसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा.

नागरिक नोंदणी केंद्राच्या मेनफ्रेमवरच्या डिस्क सांभाळायच्या, हे तिचं काम. जिवंत माणसांच्या नोंदी एका रांगेतल्या डिस्कवर, मेलेल्यांच्या दुसऱ्या रांगेतल्या. माणूस गेला की त्याची नोंद या रांगेतून त्या रांगेत. सुरुवातीला तिला रात्री जेवण जायचं नाही. मग सवय झाली. सवय कशाचीही होते.

आता जिवंतांची रांग भरत आली होती. नवी डिस्क मागवायची तर वर्षभर कागद फिरणार. म्हणून साहेबाने डोकं लढवलं होतं: मृतांच्या रांगेतली ४ए१७ काढा, तिच्यावरच्या नोंदी शेजारच्या डिस्कवर हलवा, तिला बंद करा, पुसा, आकडा तोच ठेवून नवं नाव द्या आणि जिवंतांच्या रांगेत उभी करा. आज सगळी कार्यालयं बंद, यंत्राला हात लावणारं कोणी नाही. जी काही नोंद येईल ती थांबून राहणार आणि काम संपलं की आपोआप जागेवर जाऊन बसणार. जागा म्हणजे जिवंतांच्या रांगेतली सगळ्यात रिकामी डिस्क. हा नियम पाच वर्षांपूर्वी राउशाननेच लिहिला होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

सकाळी निघताना तिने मुलाला दहा सूचना दिल्या. तुर्सिन बावीस वर्षांचा, खाणीत वीजतंत्री, आणि सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून न उठणारा. घरात ही दोघंच.

"कोझेची पेज पातेल्यात आहे, गरम करून दे. तळलेले बाउरसाक टोपलीत. आणि दार लोटून घेऊ नकोस. उघडंच ठेव."

"थंडी येते गं."

"येऊ दे. आज आलेल्याला परत पाठवत नाहीत, आणि नावगावही विचारत नाहीत. आधी वाटी हातात द्यायची."

"आणि चोर आला तर?"

"त्यालाही दे. एवढी पेज खाल्ल्यावर पळवणार नाही तो काही."

तुर्सिन उशीत तोंड खुपसून हसला. त्याचं हसणं ऐकून तिला दरवेळी वाटायचं तेच वाटलं, की हा आहे. आपल्या घरात आहे.

२

यंत्राच्या खोलीला खिडकी नव्हती. पांढरे दिवे, गार हवा, पंख्यांचा एकसुरी घोंगाट. मोबाइल आत न्यायला बंदी. भिंतीवर एक जुना तारेचा फोन, तेवढाच.

विक्तर कार्लोविच आधीच येऊन बसला होता. एकसष्ट वर्षांचा जर्मन, हयात करागांद्यात गेलेली, यंत्राचा प्रत्येक स्क्रू ओळखीचा.

"ये बाई ये," तो म्हणाला. "मेल्यांना घर बदलून द्यायचं आणि सुट्टीचा भत्ताही नाही. काय आणलंयस?"

"कोझे. काम झाल्यावर."

"म्हणजे लाच आहे."

दोघांच्या कामाची एक ठरलेली पद्धत होती. एकाने कागदावरचा डिस्कचा आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बघून तोच मोठ्याने म्हणायचा, आणि मगच कळ दाबायची. खूप वर्षांपूर्वी एकाने नुसतं "हो हो" म्हणून भलतीच डिस्क पुसली होती, आणि एका अख्ख्या तालुक्याचा जन्म झालाच नव्हता असं झालं होतं. तेव्हापासून "हो" चालत नसे. म्हणावंच लागे.

"चार-ए-सतरा," विक्तरने वाचलं. "नव्या नोंदींना बंद."

"चार-ए-सतरा. नव्या नोंदींना बंद," राउशान म्हणाली आणि कळ दाबली.

"चार-ए-सतरा. वापरणारे शून्य."

राउशान म्हणायला गेली आणि थांबली.

"काय झालं?"

"वापरणारे एक," ती म्हणाली.

विक्तर खुर्चीसकट सरकत आला. सगळी कामं बंद केलेली, सगळी कार्यालयं यंत्रापासून तोडलेली. तरी पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, की या डिस्कवर कोणीतरी आहे.

"कोण ते विचार ना."

तिने विचारलं. नावाच्या जागी आठ अक्षरं येतात. आठही कोरी होती. त्याच्यापुढे, वापर कधी सुरू झाला त्याची तारीख होती. १७ मार्च १९९०.

विक्तर जोरात हसला. "वा! यंत्र घेतलं दोन हजार सहाला, आणि हे साहेब नव्वदपासून बसलेत. तारखेची गडबड आहे. तू नोंदी हलवायला लाव, आपोआप जाईल."

राउशान हसली नाही. ती तारीख तिला पाठ होती.

३

राउशानची पहिली दोन मुलं चाळीस दिवस पुरी करू शकली नव्हती. तिसरा झाला तो ऐदोस. बत्तिसाव्या दिवशी त्यालाही ताप चढला, मान ताठ झाली, डॉक्टरने नजर चुकवली. तेव्हा सासू उठली. बातिमा म्हणजे लोखंड होती. तिने बाळ दुलईत गुंडाळून खिडकीतून शेजारणीच्या हातात दिलं आणि घरात मोठ्याने गळा काढला, की ऐदोस गेला, गेला माझा ऐदोस. तीन दिवसांनी शेजारीण दारातून आली. म्हणाली, मला एक पोर सापडलंय, घेता का? सासूने ते घेतलं आणि नाव ठेवलं तुर्सिन. म्हणजे राहू दे. न्यायला येणाऱ्याने ऐदोसला शोधावं, आणि ऐदोस नाही म्हणून परत जावं.

करणारे करतातच हे. पण राउशान तेव्हा सव्वीस वर्षांची होती, याच केंद्रात नोकरीला. सासूने घर फसवलं, शेजार फसवला. नोंदीचं काय? नोंदीत तर ऐदोस जिवंतच होता. तापलेलं पोर शेजारणीकडे ठेवून ती कामावर आली. तेव्हाचं यंत्र वेगळं होतं, डिस्क हातांनी उचलून बसवाव्या लागत. १७ मार्चला तिने स्वतःच्या हाताने ऐदोसला मृतांमध्ये टाकलं. पुढे ओळखीच्या सुइणीकडून कागद घेऊन तुर्सिनचा वेगळा जन्म नोंदवला.

चौथ्या दिवशी ताप उतरला.

गुन्हा होता तो. उघडकीला आला असता तर तुरुंग होता. यंत्रं बदलली, देश बदलला, नोंदी या डिस्कवरून त्या डिस्कवर जात राहिल्या, आणि ऐदोस मेलेल्यांमध्ये गुपचूप पडून राहिला. शेजारीण, सुईण आणि सासू वारल्यावर हे माहीत असलेली राउशान एकटीच उरली. तुर्सिनलासुद्धा तिने कधी सांगितलं नाही.

४

नोंदी हलवायला तीन तास लागणार होते. विक्तर बाहेरच्या खोलीत टोपी डोळ्यांवर ओढून झोपला. राउशान पडद्यासमोर बसली.

तारखेची गडबडच असणार, तिने स्वतःला बजावलं. यंत्राला काय, कुठलीही तारीख दाखवेल. मग तिने न राहवून बघितलंच, की हा जो कोणी आहे, तो डिस्कवर नक्की कुठे आहे.

तो एका नोंदीवर होता. एकाच. कोणी म्हातारी, झेझकाझगानची, मृत्यू मार्च १९९०. दहा वाजून दहा मिनिटांनी तो पुढच्या नोंदीवर गेला. तिथेच थांबला. साडेदहाला त्याच्या पुढच्या. बोट ठेवून वाचणाऱ्या माणसासारखा, एका नावाला वीस मिनिटं.

वीस मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला बहात्तर. तिने कागद ओढला आणि गुणाकार केला. बावीस वर्षं आणि पाच दिवस. पाच लाख एकोणऐंशी हजारांच्या आसपास. मग तिने तो वाचत असलेल्या नोंदीचा क्रमांक बघितला. आकडा जुळला. तिने पुन्हा गुणाकार केला, या वेळी उलट्या बाजूने, चूक निघावी म्हणून. निघाली नाही.

म्हणजे तो पहिल्या मेलेल्यापासून सुरू करून एकेकाला विचारत इथवर आला होता. बावीस वर्षं, एकही सुट्टी न घेता.

ऐदोस किती पुढे आहे ते बघायला तिचा हात धजेना. मग बघितलं. मध्ये चार नावं होती. बारा वाजून दहा मिनिटांनी ऐदोसची पाळी.

"विक्तर कार्लोविच!" तिने हाक मारली.

"झालं?"

"तो माणूस अजून आहे."

"असू दे गं! भूत असेल तर त्याला म्हणावं, लवकर आटप, आम्हाला घरी जायचंय." आणि बाहेरून पुन्हा घोरणं ऐकू आलं.

सगळं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण काय सांगणार? की मी नोंद खोटी केली, आणि ज्याला फसवलं तो हिशेब लावत आलाय? पहिल्या वाक्याला तुरुंग, दुसऱ्याला वेड्यांचं इस्पितळ. आणि तिला स्वतःलाच तरी कुठे पटत होतं? कुठल्यातरी जुन्या कामाची शेपटी राहिली असेल, तीच वळवळत असेल. असं होतं यंत्रात. हजार वेळा होतं.

साडेअकराला तो आणखी एक नाव पुढे सरकला. राउशानला घाम फुटला. त्या गार खोलीत, अंगावर लोकरीचं जाकीट असताना.

त्याने ऐदोसपाशी येऊन विचारलं तर, की मेलेल्यांमध्ये तुझं नाव आहे, मग तू आमच्यात का नाहीस? मग?

नोंद पुसावी म्हटलं तर केंद्रात नोंद कधी पुसता येत नाही. एकच सोय होती. चुकून मेलेला दाखवलेला माणूस कार्यालयात येऊन भांडतो, तेव्हा त्याचा मृत्यू रद्द करता येतो. असे वर्षाला पाच-सहा तरी निघत. राउशानने ऐदोसची नोंद उघडली. बत्तीस दिवसांचं आयुष्य, एका ओळीचं. आपली सही घातली. कारण काय, असं यंत्राने विचारलं.

"कारकुनाची चूक," तिने लिहिलं. खरंच होतं ते.

बारा वाजायला सात मिनिटं असताना ऐदोस मृतांमधून नाहीसा झाला. राउशानने डोळे मिटून खुर्चीत अंग टाकलं. किती वर्षांनी पाठीवरचं ओझं उतरलं होतं.

५

बारा वाजून दहा मिनिटांनी तो ऐदोसच्या जागेवर आला. जागा रिकामी होती.

साडेबारा वाजले. तो हलला नाही. एक वाजला. तो तिथेच. इतका वेळ त्या डिस्कच्या खणावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तो आता एकसारखा जळत राहिला होता.

पंख्यांचा आवाज तोच होता. तरी राउशानला वाटत राहिलं, की खोलीत कोणीतरी बोलता बोलता गप्प झालंय.

सव्वाला विक्तर जांभया देत आत आला. नोंदी हलवून झाल्या होत्या.

"चार-ए-सतरा. बंद करा."

"चार-ए-सतरा. बंद." यंत्राने नकार दिला. वापरणारे एक.

"हट्टी आहे बुवा. जबरदस्तीने बंद कर."

तिने केलं. मग पुसली. डिस्कवर आता एक अक्षर उरलं नव्हतं, ना म्हातारी, ना ऐदोसची रिकामी जागा. नवं नाव दिलं.

पडद्यावर अजूनही होतं: वापरणारे एक.

विक्तरने डोकं खाजवलं. "मोजणी अडकलीय. पुसलेल्या डिस्कवर कोण काय वाचणार? कोरा कागद." त्याने कागद उचलला. "चार-ए-सतरा. जिवंतांच्या रांगेत."

राउशानने कळेवरून हात मागे घेतला.

"म्हण की."

"आज राहू दे," ती म्हणाली. "नको घालूया ही जिवंतांमध्ये."

"का?"

"मला बरं वाटत नाही."

"तुला की डिस्कला?" विक्तरने तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा आवाज जरा उतरला. "राउशान, काय झालंय? चेहरा बघ तुझा. पंचवीस वर्षं ओळखतो तुला. काही असेल तर सांग, कागद फाडून टाकतो आणि साहेबाला सांगतो यंत्र बिघडलं."

त्याने खरंच कागद दोन्ही हातांत धरला होता. ती एक शब्द बोलली असती तर त्याने फाडला असता. तिचं तोंड उघडलंही. पण मनातली शहाणी राउशान लगेच पुढे आली. डिस्क पुसलीय. मेलेले दुसरीकडे गेले. ऐदोस त्यांच्यात नाही. वाचायला उरलंय काय त्याच्यापुढे? आणि बावीस वर्षं सांभाळलेलं, आज सणाच्या दिवशी, एका अडकलेल्या आकड्यापायी ओकून टाकायचं?

"काही नाही," ती म्हणाली. "भूक लागलीय. चार-ए-सतरा. जिवंतांच्या रांगेत."

आणि कळ दाबली.

६

काम संपलं. थांबलेल्या नोंदी जागेवर बसायला निघाल्या.

"किती आहेत?" कोझेची बरणी उघडत विक्तरने विचारलं. "सुट्टीचा दिवस, कोणी मेहनती आहे का बघू."

"एक," पडद्यावरून राउशानने वाचलं.

एकच होती. तिचीच. मृत्यू रद्द झालेला, म्हणजे जिवंत. जिवंतांमध्ये आलेला नवा माणूस. आणि नवी नोंद जाते सगळ्यात रिकाम्या डिस्कवर.

तिने दोन्ही हात कळांवर आपटले, थांब, थांब. पण तिचा नियम तिनेच लिहिला होता, आणि तो चोख चालत असे.

४ए१७. नोंदी एक. वापरणारे एक.

खणाचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

४ए१७. नोंदी एक. वापरणारे शून्य.

"बघ!" विक्तर टाळी वाजवत म्हणाला. "गेला एकदाचा! तू उगाच बाऊ करत होतीस. आण वाटी."

भिंतीवरचा फोन वाजला.

"आई," तुर्सिन म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, अर्धवट झोपेतला. "कधी येतेस? पाहुणे आलेत."

"कोण?" तिने विचारलं.

"ओळखीचे नाहीत. एकटेच आहेत, म्हातारे. ऐदोस कुठाय म्हणून विचारतायत. मी म्हटलं, या नावाचं इथे कोणी नाही. तर म्हणाले, आहे, आत्ताच कळलं. आपल्याकडे कोणी ऐदोस होता का गं?"

"तुर्सिन, त्यांना बाहेर काढ. दार लाव."

"असं काय करतेस? तूच म्हणालीस ना, दार उघडं ठेव. आत बसलेत ते. वाटी दिलीय हातात." तो जरा हळू बोलला. "गंमत म्हणजे, रस्त्यात एवढा चिखल आहे आणि बूट बघ त्यांचे, कोरडे ठणठणीत."

"तुर्सिन, ऐक माझं. तू बाहेर पळ. आहेस तसा पळ!"

"ओरडतेस काय? थांब, मलाच काहीतरी विचारतायत." फोन तोंडापासून दूर गेला. तिकडून कोणाचाच आवाज आला नाही. मग तुर्सिनचा आला, सणाच्या दिवशी मोठ्या माणसाशी बोलावं तसा आदबीचा. "हो आजोबा, हिचाच मुलगा मी. नाही, एकुलता एक."

वाटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. फोन बंद झाला नव्हता. पलीकडे घर ऐकू येत होतं, उघड्या दारातून येणारा वारा, पातेल्यावरचं थरथरणारं झाकण. तुर्सिनचा श्वास तेवढा ऐकू येत नव्हता. राउशान किंचाळली, त्याचं नाव घेऊन किंचाळली, आधी एक नाव आणि मग दुसरंही.

"आता हे काय?" मागून विक्तर म्हणाला. त्याचं लक्ष पडद्याकडे होतं. "आत्ता तर एक नोंद होती इथे. गेली कुठे? हां, ही बघ, शेजारी गेली, मृतांमध्ये. असं कसं झालं?"

त्याने कागद जवळ ओढला. हातात पेन घेतलं. पंचवीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

"चार-ए-सतरा. नोंदी शून्य."

तो थांबला. पद्धतच तशी होती, दुसऱ्याने म्हटल्याशिवाय कागदावर लिहायचं नाही.

"म्हण ना, राउशान," तो म्हणाला. "नोंदी शून्य."

फोन कानाशी घट्ट धरून ती भिंतीला टेकून उभी होती. तिने ते म्हटलं नाही.